शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी: चौकट कोणती निवडावी?

प्रश्न (परिचारिका-प्रशिक्षक): आमच्या रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी लागू करायची आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांतील अभ्यासात, ज्यात नवी दिल्लीही होती, मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. पुरावा इतका ठळक असताना, असा बदल प्रत्यक्ष कामात कसा रुजवावा याचा विचार करणाऱ्या ‘पॅरिह्स’ किंवा ‘सीएफआयआर’ यांसारख्या चौकटी कशासाठी हव्यात?

उत्तर १: कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा २०१४ चा अभ्यास अवश्य पाहावा. तेथील १०१ रुग्णालयांत यादी आली, वापरल्याच्या नोंदीही झाल्या, परंतु मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षावर मतभेद आहेत. तरीही यादीवर नुसत्या खुणा करणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी थांबून एकमेकांशी बोलणे यांतला फरक नोंदवहीत दिसत नाही, असे माझे मत आहे.

उत्तर २: १९९८ मध्ये मांडलेली पॅरिह्स चौकट नेमके हेच सांगते की, यश केवळ पुराव्यावर नव्हे, तर परिस्थिती आणि बदल घडवून आणणाऱ्या साहाय्यकावरही अवलंबून असते. २००९ ची सीएफआयआर अडथळ्यांचे सविस्तर निदान करते, मात्र तिचे सगळे घटक तपासत बसलात तर वर्ष सरेल. एका शस्त्रक्रियागृहासाठी मी पॅरिह्सच घेईन.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. मात्र साहाय्यक म्हणून कनिष्ठ परिचारिका नेमल्यास वरिष्ठ शल्यविशारद तिच्या सांगण्यावरून थांबतील का?

उत्तर २: एकटीच्या सांगण्यावरून बहुधा नाही, म्हणून तिच्यासोबत एक भूलतज्ज्ञ नेमावा आणि विभागप्रमुखांचा लेखी आदेश आधी घ्यावा.