सल्ला हवा: एमएस असलेल्या पत्नीचे नैराश्य आणि सततची धास्ती

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार. माझ्या पत्नीला, वय ३९, चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूच्या दीर्घकालीन आजाराचे) निदान झाले. प्रकार रिलॅप्सिंग-रेमिटिंग आहे, म्हणजे अटॅक येतो, ओसरतो आणि मधल्या काळात ती बरीच सावरलेली असते. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि निदानानंतर तिने नोकरीत एकदाही मोठी रजा घेतलेली नाही. यंदा मार्चमध्ये डाव्या पायाचा रिलॅप्स आला, पाच दिवस स्टेरॉइडचे सलाइन लावले, आणि महिनाभरात पाय जवळजवळ पूर्ववत झाला. ती स्वतः मात्र अजून पूर्वीसारखी झालेली नाही.

पहाटे साडेतीनला तिला जाग येते आणि मग ती उजाडेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहते. पुढच्या एमआरआयमध्ये काय निघेल, शाळेतला जिना किती दिवस चढता येईल, वर्गात सर्वांसमोर पाय अडखळला तर काय, हेच विचार घोळत असतात. पाहुणे येणार असल्याचे कळले की तिची काठी कपाटामागे जाते. परवा उत्तरपत्रिका तपासायला बसली होती. अर्ध्या तासाने चहा घेऊन गेलो, तर पहिलीच उत्तरपत्रिका उघडी होती आणि हातात लाल पेन तसेच होते. माझी आई प्रेमानेच सांगते, "मन घट्ट कर, पोरी." त्यावर ती मान हलवते आणि आत निघून जाते.

न्यूरॉलॉजिस्टांसमोर ती दरवेळी "बरी आहे" एवढेच म्हणते. ते पायांची ताकद आणि डोळे तपासून पुढची तारीख देतात. मला विचारायचे आहे ते असे: हा आजाराचाच भाग आहे, की आजाराचे दुःख? मनोविकारतज्ज्ञांकडे जावे की समुपदेशकांकडे, आणि सांगली-कोल्हापूर भागात एमएसची जाण असलेले कोणी न मिळाल्यास काय करावे? आधीच्या औषधांबरोबर मनाच्या गोळ्या चालतात का? आणि "मला वेड लागलेले नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला तयार कसे करावे?

तिसरामजला (पुणे)

दादा, मी स्वतः अकरा वर्षे एमएससोबत राहते आहे. आपली पोस्ट वाचताना काठी आणि कपाटाच्या वाक्यापाशी थांबले, कारण माझी काठी जिन्याखाली, पायपुसण्याच्या मागे असायची.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा मिळाले, म्हणून सविस्तर लिहिते. एमएस असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी मोठ्या नैराश्यातून जावे लागते, आणि कोणत्याही एका वेळी पाहिले तर साधारण तीस टक्क्यांमध्ये नैराश्य व वीस-बावीस टक्क्यांमध्ये चिंताविकार आढळतो. पायाची स्थिती उत्तम असलेल्यांनाही ते येते, त्यामुळे "आता तर चालता येते, मग रडायचे कशाला?" हा हिशेब लागू पडत नाही. शिवाय चिंता पुष्कळदा निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जास्त असते, कारण पुढचा अटॅक केव्हा, कुठे आणि किती मोठा येईल हे कोणीच सांगू शकत नाही.

आमच्या आजारात खरी अडचण अशी की थकवा, झोपमोड, लक्ष न लागणे ही एमएसचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. डॉक्टर ती एमएसच्या खात्यावर टाकतात, घरचे आळसाच्या, आणि आपण स्वतःच्या नालायकीच्या. मला माझ्या समुपदेशकांनी फरक ओळखायला शिकवले. थकवा असतो तेव्हा मला भेळ खावीशी वाटते, फक्त कोपऱ्यावर जाण्याची ताकद नसते; नैराश्यात कोणी भेळ आणून समोर ठेवली तरी ती नको असते. थकवा दुपारी आणि उकाड्यात वाढतो, गार पाण्याने हातपाय धुतले आणि तासभर पडले की थोडा उतरतो. नैराश्य माझ्या बाबतीत सकाळी सर्वांत जड असे आणि विश्रांतीने हलत नसे. आपल्या पत्नीला गणितात अजून गोडी वाटते का, हे एकदा पाहा. तपासायचे कष्ट नको असणे वेगळे आणि गणितच नकोसे होणे वेगळे.

'हॅड्स' नावाची १४ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, सात चिंतेचे आणि सात नैराश्याचे. तिच्यात थकवा, भूक असे शारीरिक प्रश्न जवळजवळ नसतात, म्हणून एमएसमध्ये ती विशेष उपयोगी पडते. एका भागात आठ किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करावी. निदान तिच्यावरून होत नाही, पण डॉक्टरांशी बोलणे सुरू करायला हातात काहीतरी राहते. त्याच फेरीत थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

शहाबादी फरशीवरून पाय घसरला की आपण "आजार वाढला" म्हणतो. मन घसरले की मात्र "मन घट्ट कर"! आपल्या आईंना दोष देत नाही. माझी आईही हेच म्हणायची.

निशिगंध_०७ (कोल्हापूर)

मी मनोविकारशास्त्राची डॉक्टर आहे. येथे कोणाचेही निदान करणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

"आजाराचा भाग की आजाराचे दुःख" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही' असेच आहे. मेंदूतील व्रण भावनांचे नियमन करणाऱ्या मार्गांवर येऊ शकतात, आणि ज्या दाहामुळे मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते तो दाहही मनःस्थितीवर परिणाम करतो. त्यात मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने आधी झोप उडते, काहींना अवास्तव उत्साह येतो, आणि नंतर मन खाली येते. हा परिणाम सहसा काही आठवड्यांत ओसरतो. आपल्याकडे मार्चपासूनचा काळ गेलेला असल्याने केवळ स्टेरॉइडवर बोट ठेवून थांबू नये. त्या इंटरफेरॉन बीटा या एमएसवरील औषधाची इंजेक्शने घेत असतील तर तेही सांगा, कारण त्याच्या माहितीपत्रकात नैराश्याचा इशारा असतो.

एक भेद मुद्दाम सांगते. काही एमएस रुग्णांना दुःख नसतानाही एकाएकी रडू कोसळते, किंवा प्रसंग नसताना हसू आवरत नाही, आणि मिनिटभरात सारे शांत होते. हा भावनांच्या आविष्कारावरील ताबा सुटण्याचा, मज्जासंस्थेचा त्रास आहे. त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून "ती रडते" एवढेच न सांगता, रडताना तिला आतून काय वाटत असते, हेही डॉक्टरांना सांगावे.

गोळ्या चालतात, पण सर्व चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांनी एकत्र पाहायला हव्यात. फिंगोलिमोड ही एमएसची गोळी चालू असेल तर एस्सिटॅलोप्रॅमसारखे नैराश्यावरील औषध देण्यापूर्वी ईसीजीचा विचार करावा लागतो. पायांच्या ताठरपणासाठी टिझानिडीन घेणाऱ्याला फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरील औषध देत नाहीत. ताठरपणासाठीच बॅक्लोफेन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. ते अचानक थांबवल्यास तीव्र अस्वस्थता आणि भासही होऊ शकतात. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यातील मळमळीला घाबरून पुष्कळ लोक नेमके त्याच आठवड्यात सोडून देतात.

"जगून काय उपयोग" अशा अर्थाचे काही त्या बोलतात का, हे त्यांना शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त असतो, म्हणून हा प्रश्न टाळू नये. उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि त्यांना एकटे ठेवू नका. बोलायला कोणी हवे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून दिवसरात्र विनामूल्य चालू आहे आणि मराठीतही बोलता येते.

हरिश्चंद्रगड

आमच्या ओळखीत एकांना अश्वगंधा आणि प्रतिकारशक्तीच्या चूर्णाने खूप फरक पडला. गोळ्यांच्या सवयीपेक्षा ते बरे, असे वाटते.

निशिगंध_०७

एमएसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते आणि बरेच उपचार तिला आवरण्यासाठी असतात; तिला जोर देण्याचा दावा करणारे चूर्ण येथे आपोआप हितकारक ठरत नाही. अश्वगंधेने थायरॉइड व यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही; त्या हळूहळू कमी करून थांबवाव्या लागतात, इतकेच.

तिसरामजला (पुणे)

समुपदेशकांविषयी लिहायचे राहिले. एमएस 'जाणणारे' कोणी जवळपास नसेल तर अडून बसू नका. बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, करणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ शोधा, आणि एमएसची माहिती पहिल्या सत्रात आपणच द्या. अमेरिकेत एमएस रुग्णांवर १६ आठवडे केवळ फोनवरून सीबीटी करून पाहिली गेली आणि तिचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसला. त्यामुळे सांगलीहून दर आठवड्याला पुण्याचा प्रवास करण्याची गरज नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुख्यालय मुंबईत आहे आणि पुण्यात शाखा आहे. तेथील बैठकीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारापाशी आठ-दहा काठ्या उघड्यावर उभ्या होत्या.

"वेड लागलेले नाही" यावर माझ्या नवऱ्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, "लघवीच्या त्रासासाठी युरॉलॉजिस्टकडे गेलोच होतो ना? तसेच हे." मी चिडले, पण गेले.

पेनाइन्स (लीड्स, इंग्लंड)

माझ्या भावाला एमएस आहे. इकडे एमएस नर्स असतात, त्यांना फोनवर मनःस्थितीचेही सांगता येते. तशी सोय नसेल तर कागद हाच उपाय. भेटीच्या आदल्या रात्री चार ओळी लिहा: झोप किती, कशातून रस गेला, भीती कशाची, किती आठवडे. तो कागद पत्नीच्या संमतीने डॉक्टरांच्या टेबलावर तपासणी सुरू होण्यापूर्वी ठेवा. भेट संपता संपता काढलेला विषय दारातच राहतो.

वारणाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहितो आहे.

कागद तिनेच लिहिला, मी लिहिलेला तिने फाडला. न्यूरॉलॉजिस्टांनी तो पूर्ण वाचला आणि प्रथमच खुर्ची वळवून तिच्याशी बोलले. बी-१२ बरेच कमी निघाले, थायरॉइड ठीक आहे. त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांना फोन केला आणि औषधांची यादी पाठवली. सर्ट्रालिन ही नैराश्यावरील गोळी सुरू झाली असून पहिले सहा दिवस मळमळ होती. येथे वाचलेले असल्यामुळे आम्ही थांबलो नाही. तो थेट प्रश्नही मी विचारला. ती म्हणाली, असे काही करावेसे वाटत नाही, फक्त सकाळ होऊच नये असे वाटते. हेही डॉक्टरांना सांगितले आहे. सीबीटीची फोनवरील दोन सत्रे झाली. पहाटेची जाग अजून आहे, काठीही कपाटामागेच आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न: सत्रांचे पैसे आरोग्य विम्यातून मिळतात का?

निशिगंध_०७

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, त्यामुळे बाह्यरुग्ण खर्चाचे पोटकलम आपल्या पॉलिसीत आहे का ते पाहा, आणि असल्यास मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी व प्रत्येक सत्राची पावती जपून ठेवा. शाळेकडे काही सवलत मागायची वेळ आली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी युडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. सहाव्या आठवड्यापर्यंत पहाटेची जाग तशीच राहिली तर मनोविकारतज्ज्ञांना मात्रेविषयी विचारा.