मदत हवी आहे: फ्लॅट कोथरूडला घ्यावा की सिंहगड रोडला? रविवारपर्यंत ठरवायचं आहे

नमस्कार. पुण्यात आनंदनगरं दोन आहेत, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. एजंट म्हणाला, "ताई, आनंदनगरला या." मी मेट्रोनं पौड रोडच्या आनंदनगर स्टेशनला उतरले आणि फोन लावला, तर स्वारी सिंहगड रोडच्या आनंदनगरला उभी! रिक्षानं तिकडे पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्यामुळे या दोन भागांमधलं अंतर आता मला चांगलंच ठाऊक आहे.

आम्ही कर्वेनगरला भाड्यानं राहतो. मालकांना एप्रिलअखेर जागा रिकामी हवी आहे, म्हणून म्हटलं आता स्वतःचं घर घेऊनच टाकू. घरात मी, नवरा, पाचवीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. माझं ऑफिस कल्याणीनगरला, नवरा बहुतेक दिवस घरूनच काम करतो.

पहिला फ्लॅट कोथरूडला, आयडियल कॉलनीत. १९८९ ची इमारत, तिसरा मजला, कार्पेट ६१० चौरस फूट, मागतायत ८२ लाख. मला तर हा फ्लॅट म्हणजे लॉटरी. मेट्रो चालत पाच मिनिटांवर, तीच गाडी थेट कल्याणीनगरला. भाजी, औषधं, बँक, डॉक्टर सगळं एका गल्लीत. सासूबाईंच्या दोन मैत्रिणी मृत्युंजयेश्वराच्या देवळात रोज संध्याकाळी भेटतात, तोही मोठा मुद्दा. पण लिफ्ट नाही. सासूबाई कठड्याला धरून चढल्या, वर पोचल्यावर फक्त "चोपन्न" म्हणाल्या आणि मालकांच्या सोफ्यावर बसून राहिल्या. पायऱ्या मोजत होत्या हे तेव्हा कळलं.

एजंटचं पालुपद एकच: "दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट, मग लिफ्टच लिफ्ट." मी कन्व्हेयन्सचं विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "चाललंय." म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी आदेशानं जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) केलेल्या कोणी सांगाल का, खरंच किती वेळ लागतो? आणि समजा काम निघालंच, तर तीन-एक वर्षं पुन्हा भाड्याच्या घरात. इमारतीचं वय बघून बँकेनंही कर्जाची मुदत कमी सांगितली आहे, हप्ता त्यामुळे फुगतोय.

दुसरा सिंहगड रोडच्या आनंदनगरला. नऊ वर्षांची इमारत, पाचवा मजला, दोन लिफ्ट, कार्पेट ७२०, ८४ लाख. हवा, उजेड, मुलीला खेळायला जागा. आम्ही खाली उभे असतानाच टँकर आला. वॉचमननं वहीत सही घेतली, तेवढ्यात मी वही उलटी वाचली: त्या दिवसाच्या तीन नोंदी. हे फेब्रुवारीत! मग मे महिन्यात काय होत असेल? मेंटेनन्स ३२०० सांगतात, टँकरची वर्गणी वेगळी. किती, ते कोणी नीट सांगत नाही.

२५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासला धरणाचं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत घुसलं, ते सगळ्यांना आठवत असेल. हा फ्लॅट मुख्य रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे, पूररेषेत नाही असं म्हणतात. पण त्या दिवशी आनंदनगरातून बाहेर पडता येत होतं का? तिथं राहणाऱ्यांनी सांगा. २०२५ च्या जानेवारीत धायरी, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार; तेव्हा दूषित पाण्यावर संशय होता) रुग्ण निघाले, तेव्हापासून सासूबाई त्या रस्त्याचं नाव काढलं की आधी पाण्याचं विचारतात.

माझा प्रवास तिकडून बसनं स्वारगेट, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदल. सिंहगड रोडचा उड्डाणपूल झाल्यावर संध्याकाळी खरंच फरक पडलाय की गर्दी पुढच्या चौकात सरकली? नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग मेट्रोला मंजुरी मिळाली आहे, खडकवासला मार्गालाही. पण मंजुरी म्हणजे आधी खोदकाम, हे कोथरूडकरांना वेगळं सांगायला नको.

खरेदी माझ्या एकटीच्या नावावर करायची आहे, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून. तो हिशोब दोन्हीकडे सारखाच, त्यावर सल्ला नको.

नवऱ्याचं म्हणणं तिसरंच. सिंहगड रोडला आधी अकरा महिने भाड्यानं राहू, एक मे महिना आणि एक जुलै महिना काढू, मग ठरवू. डोकं आहे त्यात. पण मुलीची शाळा कोथरूडला, दोनदा सामान हलवायचं, आणि तोवर भाव कुठं जातील? असं कोणी केलंय का? पस्तावलात की वाचलात?

कोथरूडवाले "इकडेच या" म्हणणार हे गृहीत धरलंय, त्यामुळे लिफ्ट नसलेल्या इमारतीत वयस्कर माणसं घेऊन राहणाऱ्यांनी आधी लिहा. सासूबाई स्वतः काही बोलत नाहीत. काल फक्त विचारलं, "त्या आनंदनगरात संध्याकाळी बसायला देऊळ आहे का गं?" तेही कोणाला माहीत असेल तर सांगा, चालत किती लांब आहे त्यासकट. दोन्हीकडच्या मालकांना रविवारी टोकनचं उत्तर द्यायचं आहे.