मदत हवी आहे: साक्षरता वर्गाला बाया येईनात, दसऱ्याच्या आत काय करू?

धारूरची लेक
गावात रात्रीचा वर्ग घेते. अकरा जणी होत्या, या आठवड्यात चौघीच आल्या. बोलवायला गेलं की "उद्या येतो" म्हणतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतील, मग थेट उन्हाळ्यात भेट. त्याआधी निदान उसाच्या वजनाची पावती वाचता यावी एवढंच मला पाहिजे. मागच्या साली शेजारच्या काकूंची एक खेप मुकादमाच्या वहीत कमी लागली. पावती पदराला बांधलेली होती, पण वाचणार कोण? उपाय असेल तर आजच सांगा.

परभणीकर
उल्लासमध्ये, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता योजनेत, नोंदणी केली का? वर्ग कुठं, किती वाजता? बायांची वयं काय? हे कळल्याशिवाय काय सांगावं, ताई.

धारूरची लेक
नोंदणी झालीय. शाळेत, सात वाजता. वयाचा काय संबंध?

निवृत्त गुरुजी, लातूर
बाराखडी पक्की करून घ्या. नव्वदच्या साक्षरता मोहिमेत मी कंदिलाच्या उजेडात वर्ग चालवलाय. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. घाई केली की सगळं कच्चं राहतं.

काळी माती
गुरुजी, राग मानू नका, पण बाराखडीपाशीच बाया गळतात. माझी आई क-ख-ग ला कंटाळली होती. मग तिचीच जात्यावरची ओवी मोठ्या अक्षरात लिहून दिली. त्यात माझ्या मामाचं नाव होतं. ते सापडल्यावर तिनं रात्री दोनदा वही उघडून बघितलं.

निवृत्त गुरुजी, लातूर
ओवी पाठ असते. बाई ती म्हणते, वाचत नाही. बोट भलत्याच शब्दावर असतं.

काळी माती
म्हणून मधलाच एखादा शब्द विचारायचा. तो सांगितला तर वाचला म्हणायचं.

हिंगोलीवाला
माझ्या मेव्हण्याची शाळा नववीत सुटली. दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटतो? आणि हा वर्ग घेणाऱ्याला मानधन किती?

परभणीकर
फॉर्मसाठी वेगळा धागा काढा. मानधन नाही, उल्लास स्वयंसेवकांवर चालतं. आधीच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकाला (केंद्र सांभाळणाऱ्याला) महिना २००० रुपये होते, ती योजना मार्च २०१८ मध्ये संपली. ताई, परीक्षेचं बघितलं का? २०२४ ला १७ मार्चला झाली होती. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. मार्चात तुमच्या बाया फडात असतील. गटशिक्षण कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा.

धारूरची लेक
परीक्षेचं विचारीन. पण दादा, प्रमाणपत्राआधी मला पावतीचं सांगा.

उदगीरची आशा
वयाचा संबंध आहे म्हणून परभणीकरांनी विचारलं. चाळिशीच्या पुढच्या बाया पुस्तक हात लांब करून धरतात का? तांदूळ निवडायला सुनेला बसवतात का? त्यांना जवळचं दिसत नाही आणि चारचौघींत सांगायची लाज वाटते. आमच्या वर्गात असंच झालं होतं, मी उगीच त्यांना आळशी समजत होते. आणि सात म्हणजे भाकरीची वेळ! साडेआठला ठेवा.

काट्यावरचा
मी कारखान्याच्या काट्यावर पाच हंगाम काम केलं. पावती मशीनची असते, आकडे इंग्रजी. तुमच्या पुस्तकात मराठी आकडे. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला ५ इंग्रजी चारसारखा. बाई नऊ टनाची पावती बघून एक टन म्हणते, लोक हसतात, ती परत येत नाही. पाचशेची नवी नोट हातात द्या, तिच्यावर दोन्ही आकडे आहेत. शंभराची, वीसचीही चालेल. नोट बायांना ओळखता येते, तिथून सुरुवात करा. मग टिंब शिकवा. १४.३५० असेल तर चौदा टन आणि साडेतीनशे किलो. टिंबाच्या पुढचे तीन आकडे किलो, हे शंभरदा म्हणून घ्या. आणि भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, यातलं शेवटचंच आपलं.

निवृत्त गुरुजी, लातूर
नोटेचं पटलं. मला हे सुचलं नव्हतं.

धारूरची लेक
दोन दिवसांनी लिहितेय. साडेआठला देवळात बसलो, सात जणी आल्या. मामीच्या सासूबाईंचा चष्मा शेजारच्या काकूंच्या डोळ्यांना लावला. त्यांनी आधी स्वतःच्या तळहाताकडंच बघितलं, कोयत्याचे घट्टे बोटानं चाचपले, आणि मग पुस्तक मागितलं. आशाताई, मी चार महिने त्यांना "लक्ष द्या" म्हणत होते. फार वाईट वाटलं. गावात डोळे तपासणीचं शिबिर घ्यायचं तर कुणाकडं अर्ज करायचा?

नोटांचाही धडा घेतला. सगळ्यांनी पाचशेवरचे दोन्ही पाच शोधले. टिंब उद्या.

काट्यावरच्या दादांना विनंती, जुन्या पावतीचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. झेरॉक्स काढून प्रत्येकीला एक देते.