सोलापुरात पाहुण्यांना बाहेर जेवायला कोठे नेता? अनुभव लिहावेत

बाळीवेसकर
मुंबईचे एक स्नेही परवा वंदे भारतने रात्री पावणेअकराच्या सुमारास उतरले आणि स्थानकाबाहेर येताच त्यांनी विचारले, ‘तुमच्या गावचे असे काय खायला घालता?’ त्या प्रश्नासरशी मला वडील आठवले. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी आलेल्या पाहुण्याला ते दुपारी हमखास एका लिंगायत खानावळीत नेत. तेथे कडक भाकरी, गरगट्टा म्हणजे घोटलेली पालेभाजी, शेंगा चटणी आणि घट्ट दही असे साधे जेवण असे, आणि वाढणाऱ्या मावशी ‘घ्या की अजून’ म्हणत ताटात आणखी एक भाकरी टाकूनच पुढे सरकत. ती खानावळ आता राहिलेली नाही. आपण सध्या कोठे नेता, ते लिहावे. माझे मत असे, की या शहरात हॉटेलाचे नाव विचारण्यापेक्षा पेठ आणि वेळ विचारावी.

साखर पेठेतला
पूर्व भागात यायचे तर सकाळीच यावे. यंत्रमागाच्या पाळीला निघालेल्या कामगारांसाठी इडलीच्या गाड्या लवकर लागतात आणि ऊन चढले की भांडी आवरून निघूनही जातात. माझ्या बेंगळुरूच्या मेहुण्यांना इथली चटणी फार तिखट वाटली, तरी त्यांनी ती पुन्हा मागून घेतली. अंबाडीची आंबट पुंटीकूर मात्र गाडीवर मिळायची नाही. तिच्यासाठी एखाद्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरात ओळख काढावी लागते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला येणार असाल तर ओळख काढण्याचीही गरज नाही, आमच्याकडेच या.

हायवेचा प्रवासी
पुणे रस्त्यावरच्या एका मोठ्या ढाब्यात ‘अस्सल सोलापुरी थाळी’ मागवली, तर शेंगदाण्याच्या कुटाला लाल तिखट चोळून तेच चटणी म्हणून वाढले होते. वर पापड तेवढा मोठा होता. नाव लिहीत नाही, पण मन फार खट्टू झाले.

चाटी गल्ली
हायवेचे प्रवासी, ही फसवणूक ओळखण्यासाठी चव घेण्याचीही गरज नसते. चिमूटभर चटणी बोटांत दाबून पाहावी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, मिरची आणि मीठ उखळात नीट कुटले असतील, तर दाण्यातले तेल सुटून चटणीचा गोळा बांधला जातो आणि बोटे तांबूस होतात. मिक्सरमधून घाईने काढलेली मात्र भुरभुर सांडते. दुकानात सुटी चटणी घेताना मी आधी चिमूट मागतो. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जावे.

जुनी मिल चाळ
बाळीवेसकर, ती खानावळ चौकातून आत वळल्यावर उजव्या हाताला होती का? आमचे मामा गिरणीत असताना महिन्याच्या बोलीने तेथेच जेवत असत.

बाळीवेसकर
तीच असावी. मामांना माझा नमस्कार सांगा.

वेशीजवळचा
सामिष खाणाऱ्यांना मी रमजानच्या महिन्यात संध्याकाळनंतर विजापूर वेशीत नेतो. रोजा सुटल्यावर तेथे जी गर्दी उसळते, तीत गाडी घालण्याचा विचारही करू नये. वाहन लांब लावून पायी यावे आणि निखाऱ्यावरचा कबाब उभ्या उभ्या खावा. एरवीच्या दिवसांत सावजी पद्धतीचे काळ्या मसाल्याचे मटण आणि ज्वारीची भाकरी यांना पर्याय नाही. रस्सा आधी थोडाच घ्यावा. पहिल्या घासाला त्याचा जाळ कळत नाही.

सदर बझारच्या वहिनी
आपण सर्वजण तिखटच सांगत आहात. बरोबर लहान मुले आणि पथ्यावरचे सासरे असतील तर काय करावे?

चाटी गल्ली
वहिनी, शेंगा पोळी तुपाबरोबर द्यावी. मुले आनंदाने खातात. सासऱ्यांसाठी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, कोठे मिळते का पाहावे. ती मऊ असते, तिखटाचा प्रश्नच येत नाही, मात्र साखरेचे पथ्य असेल तर माझा सल्ला रद्द समजावा.

मंगळवेढा रस्ता
डिसेंबर ते फेब्रुवारीत पाहुणे येणार असतील तर त्यांना शहरात ठेवूच नये, सरळ हुरड्याला शेतावर न्यावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते भाकरीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे; पण हुरड्यासाठी गूळभेंडी जातीच्या ज्वारीचे कणीस मागावे. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे खुपसतात आणि भाजून निघाली की हातावर चोळतात, तेव्हा हिरवे दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे असतात, कारण निवल्यावर त्यांची गोडी उतरते. बरोबर शेंगा चटणी, दही आणि गुळाचा खडा असला की झाले. आता ‘हुरडा पार्टी’च्या नावाखाली झोपाळे आणि उंटाची सवारीसुद्धा देतात, मला ते रुचत नाही, पण मुलांचा वेळ जातो हे मान्य केले पाहिजे.

साखर पेठेतला
उंट आमच्याही मुलांना हवा होता. हुरडा त्यांनी चाखलादेखील नाही.

हायवेचा प्रवासी
चटणीच्या परीक्षेबद्दल आभार. पुढच्या महिन्यात येतो आहे; परत जाताना पुण्याला काय न्यावे?

सदर बझारच्या वहिनी
कडक भाकरी न्यावी. परतीची हुतात्मा एक्सप्रेस सकाळी लवकर सुटते, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच बांधून घ्यावी आणि सामानात सर्वांत वर ठेवावी. वाटेत तुकडे झालेच तर घरी दह्यात कुस्करून खाव्यात.