मदत हवी आहे: यूपीएसच्या सी२० इनलेटला संगणकाची कॉर्ड जोडकेबलने लावली तर चालेल का?

तिसरी_पिन:
३००० व्हीए / २७०० वॅटचा ऑनलाइन यूपीएस आहे. सप्लाय २३० व्होल्ट, मागचा इनलेट (कॉर्ड घुसते ते तोंड) सी२०, मूळ कॉर्ड नाही. संगणकाच्या नेहमीच्या सी१३ कॉर्डी भरपूर आहेत, पण त्या यात बसत नाहीत. एका टोकाला सी१४ आणि दुसऱ्याला सी१९ अशी वीतभर जोडकेबल मिळते, ती मध्ये घातली तर? लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी आहे, जास्त झालं तर तो पडेलच ना? आणि नवीन कॉर्ड घ्यायची झाली तर तिच्यावर काय वाचून घ्यायचं?

मिलीओहम:
नका घालू. कॉर्ड बसत नाही ती मुद्दामच. आयईसी ६०३२० (अशा कनेक्टरांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) प्रमाणे सी१३-सी१४ जोडी १० अँपिअरची, सी१९-सी२० जोडी १६ची. जोडीतला पहिला कॉर्डच्या टोकाचा, दुसरा उपकरणाच्या इनलेटचा. सी१४च्या पात्या उभ्या, सी२०च्या आडव्या आणि मोठ्या. जोडकेबल हा अडसर काढते, पण सी१३च्या आतल्या स्प्रिंगपट्ट्या १० अँपिअरच्याच राहतात.

हिशेब बघा. आउटपुट २७०० वॅट, कार्यक्षमता ९०% धरली तर इनपुट ३००० वॅट. २३० व्होल्टला १३ अँपिअर झाले. ऑनलाइन यूपीएस व्होल्टेज उतरलं तरी वॅट तेवढेच ओढतो, म्हणजे २०० व्होल्टला १५ अँपिअर. बॅटरी चार्जिंग वर वेगळं.

आता एमसीबी. १.१३ पट करंटला, म्हणजे १६च्या एमसीबीने साधारण १८ अँपिअरला, तासभर पडायचं नाही असंच त्याच्या स्टँडर्डमध्ये लिहिलंय. १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरला, तासाभरात पडायला हवा. तुमचे १४-१५ अँपिअर त्याच्या लेखी रोजचा लोड. तो भिंतीतल्या वायरिंगचा राखणदार आहे, कॉर्डचा नाही.

०.७५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २६ मिलीओहम. २ मीटर कॉर्डमध्ये फेज आणि न्यूट्रल मिळून ४ मीटर, म्हणजे ०.१०४ ओहम. १० अँपिअरला त्यात १० वॅट उष्णता होते, १४ अँपिअरला २० वॅट. करंट ४०% वाढला, उष्णता दुप्पट. वायर एकवेळ सोसेल, जळतं ते कनेक्टरचं तोंड. पट्टी तापली की तिची पकड सैल होते, पकड सैल झाली की रेझिस्टन्स वाढतो, मग ती आणखी तापते. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी दिसायला लागेपर्यंत हे चक्र बरंच पुढे गेलेलं असतं.

दीड_एमएम:
+१. कॉर्डीवर तीन ठिकाणी वाचायचं: प्लग, कनेक्टर आणि केबल. तिघांतला सगळ्यात लहान आकडा तोच कॉर्डचा आकडा. सी१९वर ‘१६ए २५०व्ही’ असेल आणि भिंतीकडचा प्लग १० अँपिअरचा, तर कॉर्ड १०ची. फ्यूज असलेला ब्रिटिश प्लग असेल तर कॉर्ड जास्तीत जास्त १३ची, मग पुढे १६चा सी१९ का असेना.

केबलवर ‘एच०५व्हीव्ही-एफ ३जी१.५’ असं छापलेलं असतं. ३ म्हणजे तीन कोर, जी म्हणजे त्यात हिरवी-पिवळी अर्थ आहे (जी ऐवजी एक्स असेल तर नाही), १.५ म्हणजे स्क्वेअर एमएम. सी१३ला २ मीटरपर्यंत ०.७५, त्यापुढे १. सी१९ला २ मीटरपर्यंत १ चालते, पण तुमच्या लोडला सरळ १.५ घ्या.

अमेरिकन कॉर्डीवर एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं तिकडचं माप) असतं आणि तिथे आकडा लहान तितकी तार जाड. १८ म्हणजे ०.८२ स्क्वेअर एमएम, १० अँपिअर. १६ म्हणजे १.३१, १३ अँपिअर. प्लगवर ‘१५ए १२५व्ही’ दिसलं तर २३० व्होल्टला ती कॉर्ड लावायचीच नाही.

तिसरी_पिन:
समजलं, जोडकेबल रद्द. मग उलटं? यूपीएसच्या सी१९ आउटलेटमधून सी२०-सी१३ कॉर्डने १० अँपिअरच्या आतला सर्व्हर? शिवाय एका पीओई स्विचच्या (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) इनलेटला मध्येच उंचवटा आहे, त्यात सी१३ जात नाही.

मिलीओहम:
उलटं चालतं. सर्व्हरचा इनलेट सी१४ आहे, म्हणजे उपकरणच १० अँपिअरच्या आत बसवलेलं आहे. फक्त त्या सी१३ला पुढे एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका, मग ही हमी संपली. केबल १ स्क्वेअर एमएमची असली तर उत्तम.

उंचवटा आहे तो सी१६. त्याला खाच असलेला सी१५ लागतो. करंट तोच, १० अँपिअर, फरक तापमानाचा: सी१३ पिनपाशी ७० अंशांपर्यंत, सी१५ १२० अंशांपर्यंत. सी१५ची कॉर्ड सी१४मध्ये बसते आणि चालते, सी१३ मात्र सी१६मध्ये जात नाही. चाकूने खाच पाडून सी१३ घुसवणारे महाभाग असतात. खाच पाडून प्लॅस्टिकची उष्णता सोसायची ताकद वाढत नाही.

दीड_एमएम:
नवीन कॉर्ड लावल्यावर पूर्ण लोडवर तासभर चालवा. मग लोड बंद करून, स्विच ऑफ करून लगेच कनेक्टरला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर कॉर्ड बाद. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर नेम प्लॅस्टिकवर धरा, चकचकीत पातीवर तो खोटं कमी तापमान दाखवतो. उरलेली कॉर्ड वेटोळं करून बांधू नका, आतले वेढे एकमेकांना तापवतात.

खरेदीच्या वेळी खिशात लोहचुंबक असू द्या. कॉर्डला चिकटला तर आत तांबं चढवलेलं पोलाद आहे. ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेली मात्र चुंबकाला सापडत नाही. तिचा संशय आला तर एक कॉर्ड कापा आणि तारेचं टोक भिंगाखाली बघा, मधे चंदेरी दिसेल.

तिसरी_पिन:
सी१९, ३जी१.५, २ मीटर, १६चा प्लग. हीच घेतो. चुंबक आहे.