मदत हवी आहे : जहाजात सामान कुठल्या क्रमाने भरतात?

मंडळी, १९८२ च्या फॉकलंड युद्धाबद्दल (फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले ते) वाचतोय आणि लढाईपेक्षा सामानाच्या भानगडीतच जास्त अडकलोय. ब्रिटनपासून बेटं जवळपास १३ हजार किमी, वाटेत टेकायला असेन्शन बेट, तिथे धड बंदर नाही, आणि घाईघाईत निघाल्यामुळे आधी लागणारा माल जहाजाच्या तळाशी, मग तिथे हेलिकॉप्टरने उचलून परत लावत बसले. पुढे २५ मेला अटलांटिक कन्व्हेयर या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, त्यावरची तीन चिनूक ही अवजड माल उचलणारी हेलिकॉप्टर्स गेली, बिचारे सैनिक पाठीवर ओझं घेऊन जिथे उतरले त्या सॅन कार्लोसहून बेटांची राजधानी स्टॅनलीकडे चालत निघाले. किती हाल! तर दारूगोळा, डिझेल, रेशन यातलं वर काय ठेवायचं हे नक्की कोण आणि कसं ठरवतं? नेव्ही किंवा मर्चंट नेव्हीतलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.