मदत हवी आहे: ऑगस्टस आणि त्याचे कवी
मंडळी, रोमन इतिहासातलं कुणी जाणकार आहे का इथे? रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचं गणित काही सुटत नाहीये. त्याचा जवळचा माणूस मायसीनस कवींना सांभाळायचा, होरेसला तर त्याने शेतवाडीच दिली, पुढे खुद्द ऑगस्टसने होरेसला माझा सेक्रेटरी हो म्हटलं तर पठ्ठ्याने चक्क नाही सांगितलं आणि तरी काही बिघडलं नाही! व्हर्जिलला स्वतःचं महाकाव्य जाळायचं होतं, ते पण ऑगस्टसनेच वाचवलं. आणि याच माणसाने इ.स. 8 मध्ये ओव्हिड या कवीला काळ्या समुद्राकाठी तोमिसला हाकललं. इ.स.पू. 8 मध्ये मायसीनस गेल्यावर मधला माणूसच उरला नाही म्हणून कवींवर दाब वाढला का? सोप्या भाषेतलं काही वाचायला असेल तर सुचवा ना प्लीज, मराठीत असेल तर फारच बरं.